वहीतले पाच रकाने

वहीच्या पानावर पट्टीने पाच रकाने आखलेले होते. योगाच्या आणि ध्यानाच्या पाच पद्धती: अय्यंगार, अष्टांग विन्यास, पॉवर योगा, योगनिद्रा, विपश्यना. प्रत्येकाखाली फी, वेळ, घरापासूनचं अंतर आणि कोणती मैत्रीण काय म्हणाली ते. तळाशी लाल शाईत एकच ओळ: ‘माइंडफुलनेस नक्की कशाने येतो?’ माइंडफुलनेस म्हणजे सजगता, आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष असणं.

वही घेऊन योगाबद्दल विचारायला माझ्याकडे आलेली ती चाळिशीतली, पुण्यातल्या कोथरूडची. दिवसभर हिशेबाचं काम, मुलगा दहावीत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र तिचाच आहे, आणि वर्षभरात कितीतरी जण तो माझ्याकडे घेऊन येतात.) गॅसवर दूध ठेवायचं आणि विसरायचं, मुलावर ओरडायचं आणि रात्री त्याच्या उशाशी बसून रडायचं, जेवण झालं तरी काय जेवलो ते आठवायचं नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. “योगा सुरू करा, मन शांत होईल,” एवढं त्यांनी सांगितलं.

“मॅडम, सगळं करून बघितलं. माझं मन थाऱ्यावर राहतच नाही. मला योगासुद्धा जमत नाही.”

सगळं म्हणजे काय, ते विचारलं. जिममधला पॉवर योगा, म्हणजे व्यायामासारखा जोरकस योग, तीन आठवडे. समोर भिंतभर आरसा, शेजारी पंचविशीच्या मुली. मनगट दुखायला लागलं आणि सुटलं. मग घरी मोबाइलवर व्हिडिओ लावून, मधे मधे ऑफिसचे मेसेज बघत. मग विपश्यनेच्या, म्हणजे मौन पाळून करायच्या ध्यानाच्या, दहा दिवसांच्या शिबिराला नाव दिलं आणि मुलाच्या परीक्षेमुळे रद्द केलं. त्याची टोचणी अजून मनात होती.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. मी तिला रोज दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे बघायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती आली ती घाबरूनच. श्वासाकडे लक्ष दिलं की छाती आवळल्यासारखी व्हायची, श्वास पुरत नाही असं वाटायचं. आधीच काळजीने भरलेल्या काही माणसांचं असं होतं, आणि मी ते आधी विचारायला हवं होतं. अशा वेळी डोळे उघडे ठेवावेत आणि लक्ष श्वासावरून काढून पायांवर आणावं.

म्हणून तिला चप्पल काढून खिडकीपाशी फरशीवर उभं केलं. पाय जोडून, हात बाजूला, ताठ. ताडासन, शाळेत सगळ्यांनी केलेलं. “वजन कुठे आहे?” विचारलं. आधी म्हणाली, “दोन्ही पायांवर.” थोड्या वेळाने म्हणाली, “नाही, उजव्यावर जास्त आहे. आणि टाचेवर.” मग करंगळी फरशीला टेकतच नाहीये हे तिच्या लक्षात आलं. ती टेकवायला गेली तर गुडघा सैल पडला. खाली रस्त्यावर बस हॉर्न देत होती. तिने मान वळवली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “आत्ता माझं लक्ष गेलं बसकडे.” पुन्हा पायांकडे आली. जेमतेम दोन मिनिटं झाली असतील.

तिला म्हटलं, तुम्ही वहीत जे शोधताय ते आत्ता घडलं. लक्ष गेलं, गेल्याचं कळलं, परत आलं. मन भरकटलं म्हणजे जमलं नाही, असं तुम्ही धरून चालला होता. भरकटलेलं कळणं हाच तर सराव आहे.

मग वही उघडली. कोणतीही शैली वाईट नाही, पण सुरुवात करणाऱ्याकडून प्रत्येक शैली वेगळं काही मागते. अष्टांग विन्यासात, म्हणजे म्हैसूरच्या पट्टाभि जोइसांच्या पद्धतीत, आसनांचा क्रम ठरलेला आणि प्रत्येक हालचाल श्वासाला बांधलेली. एकदा अंगवळणी पडली की त्यात फार सुंदर एकाग्रता येते. पण सुरुवातीचे काही महिने ‘पुढे काय’ आठवण्यातच जातात आणि दमही लागतो. योगनिद्रेत झोपून शरीराच्या एकेका भागावर लक्ष न्यायचं असतं. तिची झोप अपुरी, त्यामुळे ती तिसऱ्या मिनिटाला घोरू लागली असती. झोपेसाठी ते चांगलं, सजगतेसाठी तेवढं पुरत नाही.

अय्यंगार पद्धत तर पुण्याचीच. मॉडेल कॉलनीत १९७५ पासून बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था आहे. उभ्याने करायची आसनं, पट्टे, विटा, दोर, खुर्ची यांचा आधार, आणि एकेका आसनात बराच वेळ थांबणं. ज्याचं मन धावतं त्याला धरायला यात काहीतरी ठोस मिळतं: टाच, गुडघा, खांदा. मला नवख्यांसाठी हा मार्ग आवडतो. फक्त एक जपावं लागतं. शिक्षक सतत सूचना देत असतील तर काही जण निव्वळ आज्ञा पाळतात, स्वतःकडे बघायचं राहूनच जातं. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ एवढीच केलीय. स्थिर आणि सुखाचं. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयात रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला, त्यातही बसून ध्यान आणि शरीराकडे लक्ष देण्यासोबत सावकाश केलेला हठयोग ठेवला. घाम काढणारा नाही.

तिला सांगितलं, दोन-तीन ठिकाणी एकेक तास करून या, आणि आल्यावर मला एकच सांगा: श्वास कुठे रोखला गेला?

जिमच्या वर्गाबद्दल ती लगेच म्हणाली, “तिथे तर मी पूर्ण वेळ श्वास धरूनच होते, आत्ता कळतंय.” दुसरा वर्ग तिच्या सोसायटीपासून चालत आठ मिनिटांवर, एका हॉलमध्ये. शिकवणाऱ्या बाई साठीच्या. आसन सोडलं की त्या काही बोलत नाहीत, तेवढा वेळ देतात. “त्रिकोणासनात हात खाली नेताना श्वास अडकला,” ती म्हणाली. “बाई गप्प होत्या ना, म्हणून कळलं.” तिथे विटाही वापरतात, सूर्यनमस्कारही सावकाश घालतात. वर्गाला कोणत्याच शैलीचं नाव नाही. तिने तोच निवडला, आठवड्यातून तीन दिवस.

रक्तदाब, काचबिंदू, मानेचा त्रास, गरोदरपण असेल तर शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा. आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू असतील तर योग सुरू केला म्हणून त्या परस्पर बंद करू नका. हे मी प्रत्येकाला बजावते.

तीन महिन्यांनी ती आली तेव्हा दूध पुन्हा उतू गेलं होतं. मुलावर आवाजही चढला होता. पण वाक्याच्या मधेच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. “मी पायाची बोटं फरशीवर टेकवली आणि थांबले,” ती म्हणाली. “तो माझ्याकडे बघतच राहिला. मग आम्ही दोघांनी ओटा पुसला.”

अजून ती त्याच वर्गाला जाते. परवा विचारत होती, आता विपश्यनेच्या शिबिराला नाव देऊ का? मुलाची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आहे. म्हटलं, एप्रिलनंतरची तारीख बघा.