डोस बदलला आणि त्रास सुरू झाला, गोळी बंद करू का?

"मॅडम, डोस बदलल्यापासून त्रास होऊन राहिला. गोळी बंद केली तर चालेल का?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. गोळी कधी थायरॉइडची असते, कधी बीपीची, बहुतेक वेळा मनाच्या आजाराची. विचारणाऱ्याचं उत्तर बरेचदा आधीच ठरलेलं असतं. दोन-तीन गोळ्या चुकवूनही झालेल्या असतात, फक्त कुणीतरी "हो" म्हणावं एवढीच इच्छा असते. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. डोस ठरवणं माझं काम नाही आणि नसावंही. पण डोस बदलल्यानंतरचे आठवडे माणूस घरात कसे काढतो, कुणापासून काय लपवतो, हे माझ्यासमोर उलगडतं. म्हणून नागपूरच्या इतवारीतल्या एका कारागिराचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना भाऊ म्हणते, इथेही तेच म्हणते.

भाऊंचं काम सराफा ओळीच्या मागच्या एका माडीवर चालतं. डोरलं, मणी, पोतीच्या कड्या असं बारीक काम. वय पन्नाशीच्या आत. बायपोलरचा आजार (मन कधी अति उत्साहात म्हणजे उन्मादात जातं, कधी खोल नैराश्यात) बरीच वर्षं आहे आणि लिथियमच्या गोळीवर तो छान आटोक्यात होता. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "हे बॅटरीतलंच लिथियम ना? माणसाला काहून देते?" मूलद्रव्य तेच, पण गोळीत ते क्षाराच्या रूपात असतं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग मांडला आणि आजही बायपोलरमध्ये ते मोलाचं औषध मानलं जातं. आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याचा आधार मोठा आहे, म्हणून ते मनाने बंद करणं मला फार धास्तीचं वाटतं.

होळीनंतर भाऊंची झोप कमी झाली. पहाटे तीनला उठून हिशेब मांडायला लागले, उधारीवर यंत्रं घेण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. वहिनींनी वेळीच ओळखलं. मनोविकारतज्ज्ञांनी डोस ६०० वरून ९०० मिलिग्रॅम केला. आठवड्याने रक्त तपासलं, त्यातली लिथियमची पातळी ०.८ आली, म्हणजे हवी तशी. झोप परतली. सगळं जागेवर आलं असं घरच्यांना वाटलं.

मग हात थरथरायला लागले.

आधी थोडेच. चहाचा कप बशीवर टेकवताना आवाज यायचा, एवढंच. लिथियम घेणाऱ्या बऱ्याच जणांना अशी बारीक थरथर होते, डॉक्टरांनी ते सांगितलंही होतं. पण सोनाराच्या हाताची थरथर आणि दुसऱ्या कुणाच्या हाताची थरथर यांत फरक आहे. डाग देताना, म्हणजे ज्योतीवर जोड सांधताना, चिमट्यात धरलेली कडी जागची हलली तर जोड वाकडा बसतो. भाऊ दोन्ही मनगटं पाटावर दाबून काम करायला लागले. पोराला म्हणाले, माझे डोळे कमजोर झाले, बारीक काम तू घे. बायकोला म्हणाले, गिऱ्हाईकच नाही. डॉक्टरांना काहीच म्हणाले नाहीत.

का नाही सांगितलं, हे त्यांनी मला बऱ्याच वेळाने सांगितलं. "काही सांगितलं की सगळे म्हणते, आजार उसळला. मग आणखी डोस वाढते. हात तर गेलेच, मग डोकंही जाईन." डोस वाढल्यापासून घरातल्यांच्या नजरा बदलल्या होत्या. जोरात बोलले की वहिनी विचारायच्या, "गोळी घेतली ना?" हसले तरी तेच, गप्प बसले तरी तेच. अशा घरात माणूस त्रास सांगत नाही, तो लपवायला शिकतो. वहिनींचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. आधीच्या उसळीत त्यांनी जे सोसलं होतं, त्यानंतर कुणीही असंच डोळ्यांत तेल घालून बसलं असतं. पण त्यातून झालं असं, की डॉक्टरांपर्यंत जी माहिती सगळ्यात आधी जायला हवी होती, ती भाऊंच्या पोटातच राहिली.

मे महिन्यात, नवतपा (उन्हाळ्यातले कडक तापाचे नऊ दिवस) सुरू झाला तेव्हा, वहिनी त्यांना घेऊन सकाळीच धंतोलीला माझ्याकडे आल्या. तक्रार "चिडचिड आणि औषध टाळणं" अशी होती. भाऊ जिन्याचा कठडा धरून चढले. खोलीत पाण्याचा पेला घेताना हात असा हलला की पाणी सदऱ्यावर सांडलं. ही आधीची बारीक थरथर नव्हती. बोलताना जीभ जड वाटत होती. विचारलं तर कळलं, पोट बिघडलेलं आहे, संडासला पातळ होतं, उभं राहिलं की तोल जातो. समुपदेशन पुढे बघता येईल, हा माणूस आत्ताच्या आत्ता डॉक्टरांपर्यंत पोचायला हवा, हे माझ्या लक्षात आलं. मी तिथूनच त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी पुढची गोळी थांबवायला सांगितली आणि लगेच बोलावलं. आदल्या रात्री नऊला गोळी घेतलेली होती, त्यामुळे लिथियमची पातळी बघायला जे १२ तासांचं अंतर लागतं, तेही झालेलं होतं. पातळी १.४ निघाली. मूत्रपिंडाचा अहवालही थोडा बिघडलेला होता. एक रात्र दवाखान्यात सलाईनवर ठेवलं.

डोस तर ९०० च होता. एप्रिलमध्ये त्याच डोसवर ०.८ होतं, मग मे महिन्यात १.४ कसं झालं? वहिनींचं कॅलेंडर कामी आलं. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, कुणाचं लग्न, सगळं त्यावर लिहिलेलं. आम्ही तिघांनी डोस वाढल्याच्या तारखेपासून एकेक दिवस मागे-पुढे करत बघितलं.

बीपी तपासणीच्या एका शिबिरात कुणीतरी सांगितलं होतं, मीठ कमी करा. त्या दिवसापासून भाऊंचं वरण-भाजी जवळजवळ अळणी. त्यानंतर गुडघा दुखायला लागला, म्हणून औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणल्या आणि रोज घेतल्या. तिसरी गोष्ट कॅलेंडरवर नव्हती, ती माडीवर होती. डाग देताना ज्योत हलू नये आणि सोन्याचा बारीक कण उडू नये म्हणून पंखा, कूलर बंदच ठेवावा लागतो. नागपूरचा मे, बाहेर ४५ अंश, आत पत्र्याखाली शेगडी. घाम नुसता वाहत असतो. त्यात लिथियममुळे तहान वाढते आणि लघवीही वारंवार होते. ओळीतलं शौचालय लांब आणि घाणेरडं, म्हणून भाऊंनी त्यावर उपाय काढला होता: दिवसभर पाणीच प्यायचं नाही.

लिथियम शरीरात मोडत नाही, मूत्रपिंडातून जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि मूत्रपिंड त्याला साधारण सोडियमसारखंच वागवतात. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतात, त्याबरोबर लिथियमही आतच राहतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या त्याचं बाहेर जाणं आणखी कमी करतात. बीपीच्याही काही गोळ्यांनी हेच होतं. पाकिटावरचा आकडा तोच राहिला, रक्तातला वाढत गेला. भाऊंनी मधल्या काळात काही गोळ्या चुकवल्या होत्या, कधी चुकलेली भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या होत्या. तेही त्यांनी त्याच दिवशी कबूल केलं. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडून घ्यायची नसते, हे मी इथे जोर देऊन सांगते. लिथियममध्ये कमी पडणं आणि जास्त होणं यांत अंतर फार थोडं असतं. साधारण ०.६ ते १.० च्या आत ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका मानतात, आणि काही जणांना त्याच्या आतच त्रास सुरू होतो.

डॉक्टरांनी पातळी उतरल्यावर डोस परत ६०० वर आणला, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिलं, आठवड्याने पुन्हा तपासणी लावली. मिठाबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं: रोज साधारण सारखं असू द्या, एकदम सोडूही नका आणि घाबरून एकदम वाढवूही नका. चहाचंही तसंच. भाऊ थरथरीमुळे चहा बंद करायला निघाले होते, पण कॉफी-चहा अचानक सोडला तरी लिथियमची पातळी वर जाऊ शकते, म्हणून कमी करायचा तो हळूहळू.

माझं काम खरं तर यानंतर सुरू झालं. भाऊंचा निश्चय झाला होता: हे औषध नको. आणि त्यात मला फक्त हट्ट दिसला नाही. ज्या हातांवर घर चाललं, ते हात आपल्याला सोडून चालले, ही भीती खरी होती. पोरासमोर खोटं बोलावं लागल्याची लाजही होती. मी त्यांना लगेच समजावायला गेले नाही. आधी त्यांना ते सगळं बोलू दिलं. एका भेटीत ते बराच वेळ बोटांकडेच बघत होते, म्हणाले, "बाप म्हणायचा, हात चांगला ठेव, बाकी सगळं येते न् जाते." मग मी विचारलं, मागच्या वेळी औषध सोडलं तेव्हा काय झालं होतं? ते त्यांनीच सांगितलं, वहिनींनी मध्ये बोलू नये एवढंच मी बघितलं. कर्ज, भांडण, पोलिसांपर्यंत गेलेली गोष्ट. नंतर स्वतःच म्हणाले, "मग थरथर कमी करायचं काही असन का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा होता, आणि तो त्यांनी स्वतः विचारला. थरथरीवर उपाय असतात: डोस जुळवणं, वेळ बदलणं, कधी प्रोप्रानोलॉलसारखी गोळी. कुणाला काय चालेल ते डॉक्टरच सांगू शकतात. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉल देत नाहीत, म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर ती आणून खाऊ नये.

घरात आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. "गोळी घेतली का" हा प्रश्न रात्री जेवणानंतर एकदाच, बाकी दिवसभर नाही. आणि त्याच कॅलेंडरवर भाऊंनी स्वतःच्या हाताने रोज दोन शब्द लिहायचे: झोप किती, हात कसा. वहिनींनी त्यावर काही बोलायचं नाही, फक्त डॉक्टरांकडे जाताना ते पान न्यायचं. पहिले काही दिवस अक्षर वाकडं होतं. ते बघून डॉक्टरांनाही थरथर किती आहे ते कळलं, वेगळं सांगावं लागलं नाही. बारीक काम भाऊंनी सकाळच्या वेळेला घेतलं, कारण तेव्हा हात जास्त स्थिर असतो हे त्यांच्याच नोंदींतून दिसलं. माडीवर पाण्याची कळशी आली. लघवीचा प्रश्न ओळीतल्या एका दुकानदाराने त्यांच्याकडचं शौचालय वापरू देऊन सोडवला. या साध्या सोयीमुळे माझ्या दृष्टीने अर्धा उपचार झाला.

ज्यांचं औषध वेगळं आहे त्यांच्यासाठी थोडं. डोस बदलल्यावरचा त्रास प्रत्येक औषधात आपापल्या वेळेने येतो. नैराश्याची गोळी कमी केली किंवा सुटली तर चक्कर, मळमळ, डोक्यात झटका बसल्यासारखं वाटणं, विचित्र स्वप्नं हे बहुधा थोड्याच दिवसांत सुरू होतं. आजार परतत असेल तर तो साधारणपणे हळूहळू, आठवड्यांमध्ये दिसतो. थायरॉइडच्या गोळीचा बदल रक्तात पुरता उमटायला सहा-आठ आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत "काहीच फरक नाही" म्हणून डोस आपल्या मनाने हलवू नये. बीपीचा डोस वाढल्यावर उठताना अंधारी येत असेल तर बसून, मग उठून, बीपी मोजून तो आकडा डॉक्टरांना कळवावा. प्रत्येक वेळी डॉक्टरांना लागणारी माहिती तीच असते: डोस कोणत्या तारखेला बदलला, त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला, आणि मधल्या काळात दुसरं काय बदललं. दुकानातून आणलेली गोळी, उपवास, जुलाब, काढा, सगळं त्यात येतं.

लिथियम घेणाऱ्याला उलट्या-जुलाब, लडखडणं, जड जीभ, जाडी थरथर, गोंधळल्यासारखं होणं यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. खासगी परवडत नसेल तर नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. रात्री मन फार खचलं, औषध फेकून द्यावंसं वाटलं, कुणाशी तरी बोलायचं असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

भाऊ आता उन्हाळा लागायच्या आधीच लिथियमची पातळी तपासून घेतात. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. हात अजूनही थोडा हलतो. मणी ओवायचं काम पोरगा करतो, डाग मात्र भाऊ स्वतःच देतात.