मिझोते: पातेल्याआधी अढी

प्रश्न असा: एका फ्रेंच मालिकेत आई मुलाला विचारते, ‘केस्क तू मिझोत?’ आणि खाली मराठी ओळ येते, ‘काय शिजवतोयस?’ मुलगा तर आपल्या खोलीत दार लावून बसलाय. मग शिजतंय काय? आणि ‘मिझोतोझ’ म्हणजे कोण?

भाषांतरकार डुलक्या काढत होता, दुसरं काय. ‘कसला घाट घातलायस रे?’ एवढं लिहिलं असतं तर प्रश्नच आला नसता. ‘मिझोत’ हे मिझोते या फ्रेंच क्रियापदाचं रूप, आणि इथे त्याचा अर्थ गुपचूप, सावकाश काहीतरी जमवत राहणं. त्यात कपट असेलच असं नाही. आईच्या वाढदिवसाचा बेतही असू शकतो.

स्वयंपाकातला, मंद शिजवण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो म्हणावं, तर पाककृतींच्या व्हिडिओंत हटकून ‘मिजोटर करा, म्हणजे मंद आचेवर उकळा’ असं ऐकू येतं. एक तर शेवटचा ‘र’ उच्चारत नाहीत. दुसरं, उकळलं की ते मिझोते राहत नाही. कडेला एखादा बुडबुडा यावा, फुटावा, मग सवडीनं पुढचा. बफ बुर्गिन्यों या गोमांसाच्या फ्रेंच रश्श्यातलं चिवट मांस असं काही तास ठेवलं की मऊ पडतं. खळखळा उकळलंत तर आवळून चामडं होतं.

पण खरी गंमत पातेल्यात नाहीच. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या बोलींत ‘मिझो’ म्हणजे फळं पिकायला ठेवायची जागा. मिझोते म्हणजे आधी फळं पिकत घालणं. शिजवणं मागाहून आलं. त्याच्याही मागे जुन्या फ्रेंचमधला ‘म्युस्गोद’, म्हणजे खाण्याचा साठा. संत अलेक्सीवरच्या अकराव्या शतकातल्या काव्यात तो भेटतो. बापाच्याच घरी जिन्याखाली अनोळखी भिकारी होऊन राहिलेला हा संत मिळालेल्या अन्नातलं जगण्यापुरतं ठेवतो, उरलेलं वाटून टाकतो. अंग पोसायला त्याचा म्युस्गोद करत नाही! लपवून ठेवलेल्या पैशाला फ्रेंच लोक ‘मागो’ म्हणतात, तोही बहुधा याच घराण्यातला. (पॅरिसच्या ‘ले द मागो’ कॅफेशी याचा संबंध जोडणाऱ्यांनी एकदा आत जाऊन मान वर करावी. तिथले मागो म्हणजे दोन चिनी पुतळे आहेत. शब्द निराळा.)

आता सांगा, मिझोला मराठीत काय म्हणाल? अढी! पेंढ्याचा थर, त्यावर कैऱ्या, पुन्हा पेंढा. आत ऊब धरते, वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस खोलीभर वास सुटतो. मनातली अढीही माझ्या मते हीच. कच्चा राग झाकून उबेला ठेवायचा, पिकेपर्यंत कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. मनातली अढी पायांच्या अढीवरून, म्हणजे तिढ्यावरून आली असं मानणारेही भेटतील. ‘अढी सुटली’ हा त्यांचा हुकमी पुरावा. मग ‘अढी बसली’चं काय करायचं? तिढा पडतो म्हणतात. थर बसतात. या मंडळींनी आयुष्यात एकदा तरी आंबे पिकत घातले असते तर वाद उरला नसता. फ्रेंचांनी फळांच्या खोलीतून कारस्थान काढलं, आपण पेंढ्यातून आकस काढला; मला तरी यात अवघड काही दिसत नाही.

मिझोतेचं नातं ‘मी’शी, म्हणजे पावाच्या मऊ गाभ्याशी लावणारेही भेटतात. ते ‘मितोने’चं, म्हणजे मंद शिजवण्याच्याच दुसऱ्या फ्रेंच शब्दाचं कूळ. अर्थ जवळचा म्हणून आडनाव एक होत नाही.

माणसालाही मिझोते करता येतं बरं का: निकाल न सांगता, फोन न उचलता त्याला ताटकळत ठेवायचं. सरकारी कचेरीत गेलेल्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

हां, मिझोतोझ राहिली. ती कोणी बाई नव्हे. विजेवर चालणारं, तासन्‌तास मंद शिजवत राहणारं भांडं.