टीपीएस संपलं म्हणजे माणसाचं नक्की काय होतं? (डे-केअरमधल्या नेपाळी दीदींबद्दलच्या प्रश्नाला उत्तर)

तुम्ही विचारलंय की लेकीच्या डे-केअरमधल्या नेपाळी दीदी एका आठवड्यात अचानक यायच्या बंद झाल्या, डायरेक्टर फक्त 'तिचं टीपीएस गेलं' एवढंच म्हणाली, लेक रोज विचारतेय, तर हे टीपीएस काय असतं आणि आपण पालक काही करू शकतो का. आणि वरती एकाने लिहिलंय की नावातच टेम्पररी आहे, दहा वर्षांनी जा म्हटलं तर एवढं रडायचं कशाला. दोन्हीला उत्तर देतो, लांबेल जरा, पण हा विषय मी जवळून बघितलाय आणि तो दोन ओळीत सांगण्यासारखा नाहीये.

आधी सांगून टाकतो, मी वकील नाही. इर्विंगला (टेक्सास) एकवीस वर्षं आहे. शेजारच्या घरात नेपाळी कुटुंब राहतं, त्यांच्या घरातल्या दीदी टीपीएसवर होत्या आणि २०१५ पासून त्यांचे कागद झेरॉक्स करून देणं, फॉर्म पोस्टात टाकायला जाणं, हे सगळं मी आणि बायकोने केलंय.

टीपीएस म्हणजे टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस. १९९० च्या कायद्यात आलं. एखाद्या देशात युद्ध चालू आहे, भूकंप-वादळ झालंय किंवा परिस्थिती अशी आहे की माणसं परत पाठवणं सुरक्षित नाही, तर त्या देशाचे जे लोक त्या तारखेला आधीच अमेरिकेत आहेत त्यांना इथे राहायची आणि काम करायची परवानगी मिळते. हे नीट वाचा, आधीच अमेरिकेत आहेत त्यांना. नंतर आलेल्याला मिळत नाही. एका वेळी सहा, बारा किंवा अठरा महिन्यांसाठी देतात आणि मुदत संपायच्या किमान साठ दिवस आधी सरकारने बघायचं की परिस्थिती सुधारली का. नेपाळला हे २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर मिळालं, त्यात जवळजवळ नऊ हजार माणसं गेली होती. होंडुरास आणि निकाराग्वाला १९९९ मध्ये, मिच वादळानंतर. एल साल्वाडोरला २००१ च्या दोन भूकंपांनंतर.

आता त्या 'रडायचं कशाला' बद्दल. दादा, ही मुदत त्या लोकांनी वाढवून घेतलेली नाही, बहुतेक वेळा सरकारनेच तपासून सांगितलं की अजून परत पाठवण्यासारखी परिस्थिती नाही, आणि सरकारने मागितलं तेव्हा तेव्हा या लोकांनी परत अर्ज केला, बोटांचे ठसे दिले, फी भरली, रेकॉर्ड तपासून घेतलं. एक फेलनी (गंभीर गुन्हा) किंवा दोन मिसडिमीनर (छोटे गुन्हे) सिद्ध झाले की टीपीएस जातं, म्हणजे इतकी वर्षं जे टिकलेत ते काय पद्धतीने राहिले असतील बघा. आणि लाईनीत उभं राहा म्हणावं तर लाईनच नाहीये, टीपीएसवर पंचवीस वर्षं काढली तरी त्यातून ग्रीन कार्डाकडे जायचा रस्ता कायद्यात ठेवलेलाच नाही. २००१ मध्ये पंचविशीत असलेला साल्वाडोरचा गवंडी आज पन्नाशीत आहे. त्याने लग्न केलं, मुलं इथे जन्मली, तीस वर्षांचं होम लोन घेतलं, ते सगळं अठरा महिन्यांच्या कागदावर.

आपल्या लोकांना तर हे पटकन कळायला हवं. लेऑफ झाल्यावर एच-वन वर (कंपनीमार्फत मिळणारा कामाचा व्हिसा) नवी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात तेव्हा घरात काय वातावरण असतं ते आपल्यातल्या निम्म्या लोकांनी अनुभवलंय. सातशे सत्त्याण्णव (व्हिसाची मुदत वाढल्याचा सरकारी कागद) यायला उशीर झाला की लायसन्स संपतं आणि बायको मुलांना शाळेत कशी सोडणार म्हणून रात्रभर झोप लागत नाही. तीच गोष्ट, फक्त आपल्याकडे निदान परत जायला एक घर असतं आणि कंपनीचा वकील असतो.

एक प्रसंग सांगतो. आमच्या शेजारच्या दीदींच्या वर्क परमिट कार्डावर छापलेली तारीख बरेचदा उलटून गेलेली असायची, कारण नवीन कार्ड यायला वेळ लागतो म्हणून सरकार फेडरल रजिस्टरमध्ये (सरकारी राजपत्रात) नोटीस काढून जुनी कार्डं आपोआप वाढवायचं. म्हणजे कार्ड कायदेशीर, पण बघणाऱ्याला एक्स्पायर्ड दिसणार. त्यांनी ती नोटीस प्रिंट केली होती, स्टेपल मारून, आणि ज्या ओळीत कार्ड वाढवल्याचं लिहिलंय ती पिवळ्या हायलायटरने रंगवलेली, सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. नोकरीत नवीन एचआर आला की फोल्डर, लायसन्स रिन्यू करायला फोल्डर, बँकेत फोल्डर. एकदा मी बरोबर गेलो होतो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने कार्ड बघून मान हलवली, तर दीदींनी एक शब्द न बोलता ते पान काढून बोट त्या पिवळ्या ओळीवर ठेवलं. त्याने वाचलं, आत जाऊन कुणाला तरी विचारून आला, काम झालं. बाहेर गाडीत बसल्यावर बघितलं तर त्यांचे हात थरथरत होते, आणि हे टीपीएस व्यवस्थित चालू असतानाचं सांगतोय.

मग २०२५. नेपाळचं टीपीएस बंद केल्याचं जूनच्या सुरुवातीला जाहीर झालं, ५ ऑगस्टपर्यंत मुदत. दहा वर्षांच्या संसाराला साठ दिवस. साधारण १२ हजार ७०० नेपाळी लोक या यादीत होते, त्यातल्या साडेपाच हजारांना तोवर दुसऱ्या मार्गाने ग्रीन कार्ड मिळालेलं होतं, बाकीचे अडकले. ३१ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीशांनी बंद करायला स्थगिती दिली, त्या रात्री शेजारच्या घरातून फोनवर मोठमोठ्याने बोलल्याचे आणि हसल्याचे आवाज येत होते. २० ऑगस्टला वरच्या कोर्टाने ती स्थगितीच थांबवली. वीस दिवस. व्हेनेझुएलाच्या लोकांचं तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, मे महिन्यातल्या एका छोट्या ऑर्डरने साधारण साडेतीन लाख लोकांचं संरक्षण गेलं. माझं मत विचाराल तर हे वरखाली होणं सगळ्यात वाईट. एकदा काय ते नक्की कळलं तर माणूस रडून का होईना तयारीला लागतो, इथे सामान बांधायचं की मुलाची पुढच्या सेमिस्टरची फी भरायची हेच दर महिन्याला बदलतं.

संपलं म्हणजे काय होतं, तर माणूस टीपीएसच्या आधी ज्या स्टेटसमध्ये होता तिथे परत जातो, आणि बहुतेकांचा तो जुना व्हिसा कधीच संपलेला असतो. वर्क परमिट जातं, म्हणून डे-केअरला इच्छा असूनही ठेवता येत नाही, डायरेक्टरला दोष देऊ नका. नोकरीबरोबर इन्शुरन्स जातो. लायसन्सची तारीख स्टेटसला बांधलेली, ते जातं, आणि टेक्सासमध्ये गाडी नाही म्हणजे किराणाही नाही. इतकी वर्षं सोशल सिक्युरिटी कापली गेली, ती मिळेल याची आता काही खात्री नाही.

आणि हे एका घरापुरतं राहत नाही. तुमच्या लेकीच्या वर्गातून एक बाई गेली तर उरलेल्या दोघींवर मुलं वाढली, नियमापेक्षा जास्त मुलं ठेवता येत नाहीत म्हणून एखादा वर्ग बंद करायची वेळ येते, मग कुणाच्या तरी आईला नोकरीचे तास कमी करावे लागतात. आमच्या गल्लीत दीदी तीन म्हाताऱ्या बायकांना डॉक्टरकडे न्यायच्या, त्यात एक आपल्यातल्याच काकू होत्या. दीदींचं गाडी चालवणं बंद झाल्यावर काकूंच्या दोन अपॉइंटमेंट हुकल्या तेव्हा त्यांच्या मुलाला कळलं की हे काम कोण करत होतं. दीदींची धाकटी इथे जन्मलेली, सिटिझन, पण ती शाळेत जायला घाबरायला लागली, संध्याकाळी आई घरी असेल ना म्हणून.

आता काय करायचं. पहिलं, डे-केअरच्या दीदींना फोन करा आणि स्टेटसची चौकशी करू नका, फक्त विचारा की इमिग्रेशन वकिलाला भेटलात का. नसतील तर फी गोळा करून द्या, पालकांनी मिळून केलं तर जड जात नाही. वकील परवडत नसेल तर न्याय खात्याची मान्यता असलेले प्रतिनिधी असतात, बऱ्याच सेवाभावी संस्थांमध्ये कमी पैशात मिळतात. 'माझी ओळख आहे, करून देतो' म्हणणारा एजंट किंवा नोटरी, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू देऊ नका. लॅटिन अमेरिकेत नोतारिओ म्हणजे वकिलाच्या तोडीचा माणूस, इथे नोटरी म्हणजे फक्त शिक्का मारणारा, या एका शब्दावर हजारो लोक फसलेत, आणि चुकीचा अर्ज गेला तर तो बरेचदा निस्तरता येत नाही.

दुसरं फार महत्त्वाचं, घाईघाईत देश सोडू नका म्हणावं, आणि 'राहा इथेच, काय होतंय' असंही कुणी सांगू नका. स्टेटसशिवाय १८० दिवसांपेक्षा जास्त राहून बाहेर गेलं की तीन वर्षं परत यायला बंदी, वर्षभर किंवा जास्त राहून गेलं तर दहा वर्षं. कुणाचे दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे हे प्रत्येकाच्या जुन्या कागदांवर ठरतं, ते आपलं काम नाही, वकिलाचं आहे. कोर्टाच्या केसेस पण चालूच असतात, त्यामुळे व्हॉट्सअॅपवरचं फॉरवर्ड नाही, त्या दिवशीचं यूएससीआयएसचं (सरकारच्या इमिग्रेशन खात्याचं) वेबपान बघायचं.

तिसरं, त्या अमेरिकेत पहिल्यांदा कशा आल्या ते वकिलाला सांगायला सांगा. विमानतळावर व्हिसा दाखवून, शिक्का मारून घेऊन आलेला माणूस आणि शिक्क्याशिवाय आलेला माणूस यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की नुसतं टीपीएस मिळालं म्हणजे रीतसर प्रवेश झाला असं होत नाही. पण जो रीतसर आलाय त्याचं सिटिझन मूल एकवीस वर्षांचं झालं की ते आईवडिलांसाठी अर्ज करू शकतं, आणि मधे स्टेटस गेलेलं असलं तरी इथल्या इथे ग्रीन कार्डाचा रस्ता बहुतेक वेळा उघडा राहतो. नेपाळचे बरेच लोक विद्यार्थी किंवा व्हिजिटर व्हिसावर आलेत, त्यांना हे माहीतच नसतं.

आमच्या दीदींना पण माहीत नव्हतं. वकिलाने पहिल्याच भेटीत जुना पासपोर्ट मागितला, आणि तो तीन घरं बदलण्यात कुठे गेला कुणाला आठवेना. दोन शनिवार आम्ही चौघं त्यांच्या गॅरेजमधली खोकी उपसत होतो. शेवटी मुलाच्या लहानपणीच्या स्वेटरांच्या बॅगेत सापडला, आतल्या पानावर शिक्का, शाई फिकट झालेली पण तारीख वाचता येत होती. तो मुलगाही सिटिझन, मार्च २०२७ मध्ये एकवीस वर्षांचा होणार.