लोकांना सांगायचं, पण काय?

“सगळ्यांना सांगितलं तर पोरावर कायमचा शिक्का बसेल का हो?” मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे असं निदान झालेले आईवडील हा प्रश्न मला हमखास विचारतात. एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा नऊ वर्षांचा. बोलणं मोजकं, बाकी सगळं चित्रकार्डांवर. २ एप्रिलला, जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना घरी बोलावून मोकळेपणाने बोलायचं असं आईने ठरवलं होतं. वडील मात्र अडून बसले होते. “आई नोकरीला जाते, पोराला माया मिळाली नाही, म्हणून हे झालं,” असं नात्यातल्या माणसांनी त्यांना ऐकवलं होतं.

हे ऐकलं की मला आजही चीड येते. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्न मुलांचं वर्णन केलं आणि पुढे कित्येक वर्षं त्याचं खापर आयांच्या कोरडेपणावर फुटत राहिलं. मूळ दोष मायेत नाही, शरीरात, मेंदूच्या जडणघडणीत शोधा, असं बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून ठासून सांगितलं. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. हे सांगितल्यावर वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे तिथेही बापालाच तोंड उघडावं लागलं.”

शिक्क्याचं म्हणाल तर तो आधीच बसलेला होता. हट्टी, लाडावलेला, वळण नसलेला. खरं नाव कळलं तर निदान हे तरी पुसलं जाईल, हे त्यांना पटलं.

पण मला काळजी वेगळीच लागली होती. कार्यक्रमात दाखवायला आईने एक व्हिडिओ आणला होता. फुगा फुटल्यावर मुलगा कान दाबून जमिनीवर लोळतोय, किंचाळतोय. “आम्ही काय सोसतो ते कळू दे एकदा लोकांना.” तिचा थकवा खरा होता. मी एवढंच विचारलं, “त्याला दाखवलात?”

पुढच्या भेटीत दाखवला. त्याने क्षणभर पाहिलं, तिच्या हातातून फोन घेतला, टेबलावर पालथा ठेवला आणि वर तळहात दाबून धरला. ‘नको’चं कार्ड समोरच होतं. ते उचलायची गरजच पडली नाही. आईने तिथल्या तिथे व्हिडिओ काढून टाकला.

मग थोरल्या बहिणीने अर्धं पान लिहिलं. एकेक ओळ वाचून त्याच्यापुढे ‘हो’ आणि ‘नको’ ठेवत गेली. अचानक मोठा आवाज झाला की त्याला त्रास होतो. तो तुमच्या डोळ्यांत बघत नाही, पण ऐकत असतो. काही विचारलंत तर मनात दहापर्यंत मोजा, मध्येच पुन्हा विचारू नका. तो बिथरला तर भोवती गर्दी करू नका, अंगाला हात लावू नका, आवाज कमी करा. औषधांविषयीची एक ओळ होती, तिला ‘नको’ आलं. ती गेली.

त्या दिवशी तो कानांवर हेडफोन लावून पंधरा मिनिटं येऊन बसला आणि उठून आत गेला. कुणी त्याला थांबवलं नाही. शेजारच्या एका मुलाने मात्र ते पान घडी करून खिशात घातलं. आता जिन्यात भेट झाली की तो याला काहीतरी विचारतो आणि बोटांवर दहापर्यंत मोजत उभा राहतो. परवा सातव्या बोटालाच उत्तर आलं, असं आई सांगत होती.