सहा वर्षे आणि १७२ दिवस

प्रश्न : बेसबॉलपटू हुआन सोटो न्यूयॉर्क यँकीजकडून एकच मोसम खेळला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. आयपीएलसारखं त्याला ‘रिटेन’ करता आलं नसतं का? यँकीजच्या पदरात काय पडलं? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : नसतं आलं. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगमध्ये, लिलाव नाही, रिटेन्शनही नाही. सहा वर्षांची सेवा पुरी झालेल्या खेळाडूचा करार संपला असेल, तर वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) आटोपताच तो आपोआप मोकळा होतो, फ्री एजंट होतो.

संघाच्या हातात एकच दोरी उरते : क्वालिफाइंग ऑफर. म्हणजे एका वर्षाचा करार, रक्कम लीगमधल्या सर्वाधिक पगाराच्या १२५ खेळाडूंची सरासरी. २०२४ च्या अखेरीस ती २ कोटी १० लाख ५० हजार डॉलर होती. खेळाडूने ती नाकारून दुसरा संघ गाठला, तर नव्या संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, दंड बसतो. सोटोने अर्थातच नाकारली. मेट्सने त्याला १५ वर्षांचे ७६.५ कोटी दिले. मेट्स लक्झरी टॅक्स (पगारखर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास बसणारा कर) भरणारा संघ, म्हणून पुढच्या ड्राफ्टमधल्या त्यांच्या निवडींपैकी वरून दुसरी आणि पाचवी गेली, शिवाय परदेशी नवोदितांसाठीच्या निधीतले १० लाख डॉलर. यँकीजही तोच टॅक्स भरतात, त्यामुळे त्यांना भरपाई मिळाली ती चौथ्या फेरीनंतरची एक निवड! महसूल-वाटपातून पैसे घेणारा छोटा संघ असता आणि करार ५ कोटींच्या वर गेला असता, तर हीच भरपाई पहिल्या फेरीनंतर मिळते.

या ऑफरला दोन अटी आहेत. खेळाडू अख्खा मोसम त्याच संघात असायला हवा, आणि ही ऑफर त्याला आयुष्यात एकदाच देता येते. जुलैत अदलाबदलीत आलेला खेळाडू मोसमाअखेर फुकटात निघून जातो, तो पहिल्या अटीमुळे.

आमच्या मते या नियमाची झळ सोटोसारख्यांना लागतच नाही. भरडला जातो तो तिशी ओलांडलेला, चांगला पण अद्वितीय नसलेला खेळाडू. डॅलस कायकल आणि क्रेग किंब्रेल या पिचरांनी २०१८ च्या अखेरीस ऑफर नाकारली आणि पुढे महिनोन् महिने घरी बसले. जून २०१९ चा ड्राफ्ट सुरू झाला, दंडाची अट गळून पडली आणि काही दिवसांतच दोघांचे करार झाले. २०२५ मध्ये ब्रँडन वुड्रफ, शोटा इमानागा यांच्यासह चौघांनी ऑफर मुकाट्याने घेतली, ती उगाच नाही.

प्रश्न : तयार असलेल्या पोराला संघ एप्रिलच्या मध्यापर्यंत खालच्या लीगमध्ये का ठेवतात? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दिवस मोजून. मोसम साधारण १८५ दिवसांचा, पण मेजर लीगच्या यादीत १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. दोनेक आठवडे उशिरा बोलावलं की वर्ष भरत नाही आणि खेळाडू सहाऐवजी जवळजवळ सात मोसम संघाच्या ताब्यात राहतो. शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला १७ एप्रिल २०१५ रोजी बोलावलं. वर्षाअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक कमी! त्याची तक्रार लवादाने २०२० मध्ये फेटाळली, आणि तो २०२० ऐवजी २०२१ नंतर मोकळा झाला.

लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२२ च्या करारात यावर थोडा तोडगा निघाला. नावाजलेला नवोदित रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) पुरस्काराच्या मतदानात पहिला किंवा दुसरा आला, तर त्याला पूर्ण वर्ष मिळतं. पॉल स्कीन्स ११ मे २०२४ रोजी पहिला सामना खेळूनही असाच वाचला.

सेवेचा आकडा वाचताना एक चूक हमखास होते. ५.१७१ हा दशांश नव्हे. ती पाच वर्षे आणि १७१ दिवस आहेत.

प्रश्न : लॉस एंजेलिस डॉजर्सच्या शोहेई ओहतानीचा पगार वर्षाला २० लाख डॉलरच, मग डॉजर्सचा लक्झरी टॅक्स वाचतो ना?

उत्तर : वाचतो, पण लोक समजतात तेवढा नाही. त्याच्या ७० कोटींच्या करारातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये द्यायचे आहेत. टॅक्ससाठी मात्र त्यांची आजची किंमत धरली जाते : वर्षाला सुमारे ४.६ कोटी.

प्रश्न : २०२५ ची वर्ल्ड सिरीज १ नोव्हेंबरला संपली. मग मोठे करार लगेच का नाही झाले?

उत्तर : पहिले पाच दिवस नव्या संघाशी बोलणी करता येतात, सही नाही. क्वालिफाइंग ऑफरवर हो-नाही नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, आणि खरा बाजार तापतो डिसेंबरच्या विंटर मीटिंग्जमध्ये (संघांच्या वार्षिक बैठकांत). फुटबॉलसारखी खेळाडू-बदलीची खिडकी बंद होण्याची तारीख इथे नाही, त्यामुळे एजंट ताणून धरतात. फार ताणलं की सराव हुकतो. पिचर (चेंडू टाकणारा) ब्लेक स्नेलने मार्च २०२४ च्या उत्तरार्धात सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी करार केला आणि पहिल्या सहा सामन्यांत त्याने भरपूर मार खाल्ला. मधे दुखापतही झाली. ऑगस्टमध्ये त्याच स्नेलने नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट दिला नाही.