वाचकांचे प्रश्न : दीड हजार रुपयांत इअरफोन घ्यायचा तर

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका गावातून रोज बसने बेळगावला महाविद्यालयात जातो आणि तिथेच गायनही शिकतो. ख्यालगायनाची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकणे आणि तंबोऱ्याचे ॲप लावून रियाज करणे, यासाठी मला कानाच्या आत बसणारा इअरफोन हवा आहे. माझ्या फोनला गोल पिनची जागा आहे. दीड हजारांपर्यंत खर्च करता येईल. मित्र बिनतारी घे म्हणतात आणि खडेबाजारातील दुकानदारही तेच पुढे करतात. काय करावे? – एक विद्यार्थी, खानापूर तालुका

उत्तर : आपला उपयोग पाहता तारेचाच इअरफोन घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दीड हजारांच्या बिनतारी जोडीत त्या रकमेतून ब्लूटूथची चिप, माइक, डबी आणि दोन्ही कानांतील मिळून दोन व डबीतील एक अशा तीन बॅटऱ्या यांचा खर्च भागवावा लागतो आणि उरलेसुरले प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या भागाच्या वाट्याला येते. तारेच्या इअरफोनमध्ये जवळजवळ सगळी रक्कम त्या भागावर आणि त्याच्या घडणीवर लागते. शिवाय कानातील बॅटरी इतकी लहान असते की रोजच्या वापरात दोन-तीन वर्षांत ती लवकर उतरू लागते, आणि या किमतीच्या वस्तूत ती बदलून मिळत नाही. सकाळच्या गर्दीच्या बसमध्ये एका कानातला तुकडा निसटून सीटखाली गेला, तर उरलेल्या एकाचे काय करायचे, हाही प्रश्न आहेच. बिनतारीच हवा असेल, तर मानेभोवती राहणारा नेकबँड घ्यावा; त्याची बॅटरी मोठी असते आणि तो हरवत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांकडे फारसे लक्ष देऊ नये. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ ही माणसाच्या श्रवणाची ढोबळ मर्यादा आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक खोक्यावर छापलेली असते. त्या पट्ट्यातील कोणता भाग उचललेला आहे आणि कोणता दबलेला आहे, हे तिच्यावरून कळत नाही. आतील पडदा दहा मिलिमीटरचा आहे की चौदाचा, किंवा एका कानात एक ड्रायव्हर (म्हणजे आवाज काढणारा भाग) आहे की चार, यावरूनही आवाजाची प्रत ठरत नाही. उलट स्वस्तात चार ड्रायव्हर बसवलेले असले, तर त्यांचा आपसातील मेळ जुळलेला नसण्याचीच शक्यता अधिक. रोधाचा (इम्पिडन्सचा) आकडा तेवढा पाहावा. तो १६ ते ३२ ओहमच्या दरम्यान असला की साधा फोनही पुरेसा आवाज देऊ शकतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. कानात जाणारा रबराचा भाग कानाच्या नळीला सर्व बाजूंनी घट्ट टेकला नाही, तर खालच्या पट्टीतील आवाज त्या फटीतून निघून जातो आणि महागातला इअरफोनही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. बहुतेक खोक्यांत लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन जोड्या असतात, पण मध्यम जोडी आधीच बसवलेली असल्यामुळे अनेक जण बाकीच्या दोन जोड्या उघडूनही पाहत नाहीत. विरुद्ध हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढून इअरफोन आत सरकवावा, म्हणजे नळी सरळ होते. मग विलंबित एकतालाचा ठेका लावून डग्ग्याकडे लक्ष द्यावे. डग्ग्याची घुमक भरीव येत नसेल, तर रबर लहान पडत आहे असे समजावे आणि मोठे लावून पाहावे. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्याच असतात असे नाही, त्यामुळे एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठे रबर लागले, तर त्यात वावगे काही नाही. तार कानावरून मागे घेऊन सोडण्याची सोय असलेला नमुना मिळाला तर उत्तम. शर्टाला तार घासल्याची खरखर त्यामुळे बरीच कमी ऐकू येते.

नादाच्या घडणीबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण आपण शास्त्रीय संगीत ऐकता. बाजारातील बहुतेक स्वस्त इअरफोन चित्रपटगीतांचा धमाका उठून दिसावा अशा बेताने जुळवलेले असतात : खालचा भाग फुगवलेला, वरचा भाग टोकदार आणि मधला भाग मागे ढकललेला. गायकाचा आवाज, सारंगी आणि हार्मोनियम यांचा बराचसा ऐवज नेमका त्या मधल्या भागात असतो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे त्याच्या तारांचा गुंजणारा झणत्कार, तर वरच्या स्वयंभू (तारेतून आपोआप उमटणाऱ्या) स्वरांमध्येच कळते. खालचा भाग वाजवीपेक्षा फुगला की ती झाकली जाते, आणि वरचे टोक चढवलेले असले की जुन्या ध्वनिमुद्रणातील खरखर गायकाच्याही पुढे येऊन बसते. आपल्याच जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व तंबोरे जुळवण्याबाबत किती काटेकोर होते, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या एखाद्या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात गाणे सुरू होण्यापूर्वीचे नुसते तंबोरे ऐकावेत. चारही तारा वेगवेगळ्या ओळखू आल्या, तर इअरफोन आपल्या कामाचा आहे. सगळे मिळून एकच गुणगुण ऐकू आली, तर तो कितीही गाजलेला असला तरी आपल्यासाठी नाही.

नावेच हवी असतील, तर मूनड्रॉपचा ‘चू टू’ आणि तांगझूचा ‘वानअर’ हे दोन चिनी इअरफोन मधला भाग सांभाळून जुळवलेले आहेत. किमती बदलत राहतात, तरी ते आपल्या मर्यादेच्या आसपास मिळतात. केझेडचे अनेक नमुने याहून स्वस्त आहेत, मात्र त्यांतील बहुतेकांचा कल दोन्ही टोके उचलण्याकडे असतो. या प्रकारच्या इअरफोनची तार सुटी करता येते, हा आमच्या दृष्टीने मोठा गुण आहे, कारण इअरफोन बहुधा पिनपाशी किंवा कानापाशी तार तुटूनच निकामी होतो. तार सुटी असली की फक्त तारच बदलावी लागते. ‘चू’च्या पहिल्या आवृत्तीत तार कायमची जोडलेली होती, म्हणून मागवताना आवृत्ती नीट पाहावी. फोनवर बोलायचे असेल, तर माइक आहे की नाही हेही पाहावे, कारण काही नमुने माइकसह आणि माइकशिवाय अशा दोन प्रकारांत येतात. हे इअरफोन बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात आणि बिघडल्यास कुरिअरने परत पाठवावे लागतात. हा त्रास नको असेल, तर सोनी किंवा जेबीएलचा साधा तारेचा इअरफोन गावातल्या दुकानातून घेणे शहाणपणाचे ठरेल. ‘एक्स्ट्रा बास’ असे लिहिलेला मात्र टाळावा.

रियाजाबद्दल एक सूचना. दोन्ही कान बंद करून गायले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि स्वराचा अंदाज चुकू लागतो. तंबोरा एकाच कानात ठेवावा आणि दुसरा कान मोकळा सोडावा.

प्रश्न : माझ्या नव्या फोनला गोल पिनची जागाच नाही. दीडशे रुपयांचा टाइप-सी जोड घेतला, तर इअरफोन वाजतच नाही. तोच जोड भावाच्या फोनवर मात्र चालतो. बिघाड कशात आहे? – एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : बहुधा कशातच नाही. टाइप-सी जोड दिसायला सारखे असले, तरी ते दोन जातींचे असतात. फोनमधील सांकेतिक आकड्यांचे कानाला ऐकू येणाऱ्या विद्युतलहरीत रूपांतर करण्यासाठी एक चिप लागते, जिला डॅक म्हणतात. काही फोन हे रूपांतर स्वतः करून तयार आवाज टाइप-सी छिद्रातून बाहेर देतात आणि त्यांना नुसत्या तारांचा स्वस्त जोड पुरतो. अनेक फोन तसे करत नाहीत, म्हणून त्यांना आत डॅक असलेला जोडच लागतो. आपल्या भावाचा फोन पहिल्या प्रकारचा आहे आणि आपला दुसऱ्या प्रकारचा. दुकानात ‘डॅक असलेला’ असे स्पष्ट सांगून मागावा आणि पैसे देण्यापूर्वी आपल्याच फोनवर लावून पाहावा. डॅक असलेला जोड बहुतेक सर्व टाइप-सी फोनवर चालतो, त्यामुळे त्याला चार पैसे अधिक पडले तरी ते वाया जात नाहीत. थेट टाइप-सी पिनचा इअरफोन घेण्याचा विचार असेल, तर त्यालाही हाच नियम लागू आहे. तसा इअरफोन वापरताना फोन चार्जिंगला लावता येत नाही, ही अडचण मात्र आधीच लक्षात घ्यावी.

प्रश्न : मी वडगावात यंत्रमागावर काम करतो. माग चालू असताना भजने लावतो, पण आवाज पूर्ण वाढवला तरी शब्द कळत नाहीत. खोक्यावर नॉइज कॅन्सलेशन लिहिलेले पाहून बाराशे रुपयांचा बिनतारी इअरफोन घेतला, तरी फरक पडला नाही. आणखी थोडे पैसे घालून चांगला घ्यावा का? – एक विणकर, वडगाव

उत्तर : घेऊ नये. प्रथम खोक्यावरची अक्षरे पुन्हा वाचावीत. तिथे ‘ईएनसी’ असेल, तर ती सोय माइकसाठी आहे. आपण फोनवर बोलताना आजूबाजूचा गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी ऐकू यावा, एवढेच तिचे काम. आपल्या कानापर्यंत येणारा आवाज कमी करणारी सोय ‘एएनसी’ ही असते. एका अक्षराच्या या फरकावर विक्रेत्यांची बरीच कमाई चालते, असे म्हणायला हरकत नाही. एएनसीसुद्धा बसच्या इंजिनाची किंवा पंख्याची सलग, खालच्या पट्टीतील घरघर चांगली दाबते; धोट्याचा खटखटाट तिला तसा आवरत नाही.

परंतु खरी अडचण इअरफोनची नाही. यंत्रमागाच्या शेडमधील आवाज ९० डेसिबलच्या पलीकडे सहज जातो आणि त्यावर मात करून भजनातले शब्द ऐकायचे, तर कानात त्याहून मोठा आवाज सोडावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलचा आवाज मात्र आठवड्यातून केवळ ४ तास. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो, हे या हिशेबाचे सूत्र आहे. आपल्या कानांवर आठवड्याचा वाटा मागाकडूनच पहिल्या दिवशी पडून जातो. वर भजनाची भर कशाला? आतील कानातील संवेदी पेशी एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. शिवाय मागात काही अडकले किंवा कोणी हाक मारली, तर ते ऐकू यायला हवे. इअरफोनच्या पैशांतून गोंगाट अडवणारी कानाची बोंडे किंवा कानांवर बसणारी कवचे घ्यावीत आणि भजने सुट्टीच्या वेळी, शेडच्या बाहेर, मध्यम आवाजात ऐकावीत. काम संपल्यावर कानात शीळ वाजत राहत असेल किंवा घरच्यांना तेच तेच पुन्हा सांगावे लागत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.

प्रश्न : आमचे कामानिमित्त कोल्हापूरला आणि पणजीला जाणे होते. तिकडे इलेक्ट्रॉनिक वस्तू स्वस्त मिळतात असे ऐकतो. तिकडून इअरफोन आणला आणि तो बिघडला, तर बेळगावात दाद मागता येते का? – एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : इअरफोनवर महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांत सारखाच १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, त्यामुळे सीमा ओलांडल्याने किंमत उतरत नाही; फरक पडतो तो दुकानदाराच्या नफ्यामुळे आणि सणासुदीच्या सवलतींमुळे. गोव्यात खरोखर स्वस्त मिळणाऱ्या वस्तू वेगळ्या आहेत आणि त्यांचा या सदराशी संबंध नाही.

दाद मात्र अवश्य मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे खरेदी कोल्हापूरच्या दुकानातील असो वा ऑनलाइन, तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने त्यासाठी शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीत बोलता येते आणि कन्नडमध्येही. दीड हजारांच्या वस्तूचा प्रश्न बहुधा याच टप्प्यावर मिटवून घेणे सोयीचे. या सगळ्यासाठी पक्के बिल हवे, आणि आमचे सीमाभागातले बहुतेक वाचक नेमके तेच घेत नाहीत. ‘बिल कशाला, मी बसलोय की इथं’ असे दुकानदाराने कितीही आपुलकीने म्हटले, तरी बिल मागावेच. बिनतारी इअरफोन असेल, तर खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हेही पाहावे, तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येतो. नावाजलेल्या कंपनीच्या नावाने निम्म्या किमतीत विकल्या जाणाऱ्या नकली मालाची ओळख त्यामुळे बऱ्याचदा जागेवरच पटते.

प्रश्न : माझ्या इअरफोनची डावी बाजू हळूहळू कमी ऐकू येऊ लागली आहे. टाकून द्यावा का? – एक वाचक, कारवार

उत्तर : इतक्यात नको. आधी तो दुसऱ्या फोनला लावून पाहावा आणि आपल्या फोनच्या सेटिंगमधील डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल एका बाजूला सरकलेला नाही ना, याची खात्री करावी. त्यानंतर रबर काढून तोंडाशी असलेली बारीक जाळी उजेडात तपासावी. कानातील मळ तिच्यावर साचला की आवाज असाच हळूहळू बसत जातो. जाळीचे तोंड जमिनीकडे धरून कोरड्या, मऊ दातब्रशने हलके झटकावे, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. सुई टोचू नये आणि स्पिरिटही ओतू नये. रबर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच परत लावावे. कारवारच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, इअरफोन झाकणाच्या डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. अशा पुड्या नव्या चपलांच्या किंवा पर्सच्या खोक्यात फुकट मिळतात. एवढे करूनही डावी बाजू सुधारली नाही आणि तार सुटी होणारी असेल, तर दोन्ही बाजूंच्या तारा आपसात बदलून पाहाव्यात. दोष तारेबरोबर उजवीकडे गेला, तर नवी तार घ्यावी. तो डावीकडेच राहिला, तर आतील पडदा गेला आहे आणि नवा इअरफोन घेण्यावाचून इलाज नाही.