ट्रेकला आणि रोजच्या वापराला एकच दणकट बूट चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडहून हिंजवडीला गिअरच्या बाईकने जाता, रविवारी सिंहगड असतो, पावसाळ्यात एखाददुसरा मोठा किल्ला. घोटा पूर्वी मुरगळलाय. पाच हजारांच्या आत दोन्हीकडे चालेल अशी एकच जोडी हवी आहे, उंच गळ्याची आणि वॉटरप्रूफ. शिवाय भावाने परदेशातून आणलेले भारी बूट कैक वर्षं माळ्यावर पडून आहेत, ते वापरावेत का, हेही विचारलंय.

एक जोडी चालेल. पण उंच गळा आणि वॉटरप्रूफ या दोन्ही अटी काढून टाका. दुकानात जास्तीचे पैसे याच दोन गोष्टींचे लावतात आणि सह्याद्रीत यांचाच उपयोग सगळ्यात कमी होतो.

आधी घोट्याचं बघू. पाच हजारांच्या आतल्या बहुतेक बुटांचा उंच गळा म्हणजे फोम भरलेलं मऊ कापड असतं. घोटा वळायला लागला की ते कापडही त्याच्याबरोबर वळतं. करवंदीचे काटे लागत नाहीत, घसाऱ्यातले (सुट्या मुरमाच्या घसरड्या उतारावरचे) खडे आत शिरत नाहीत, हा त्याचा खरा फायदा. आधार येतो तो खालून. बूट हातात घ्या, एका हातात टाच, दुसऱ्यात चवडा धरा आणि ओला टॉवेल पिळतात तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर तिथेच ठेवून द्या. मग वाकवून बघा: चवड्यापाशी, जिथे बोटं वाकतात तिथे वाकायला हवा. मधोमध दुमडला तर तो चालायचा बूट आहे, चढायचा नाही. शेवटी टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबा, तो ताठ हवा. या तिन्ही चाचण्यांत पास झालेला लहान गळ्याचा बूट, उंच गळ्याच्या लिबलिबीत बुटापेक्षा घोटा जास्त सांभाळतो. बाकी काम घोट्यालाच करावं लागणार. रोज दात घासताना आलटून पालटून एका पायावर उभे राहा. घोटा अजून सुजत किंवा दुखत असेल तर मात्र बूट बाजूला ठेवा आणि आधी फिजिओथेरपिस्टकडे जा.

उंच गळ्याची आणखी एक अडचण दुकानात लक्षात येत नाही. आपल्याकडे दिवसातून कितीदा बूट काढावे लागतात बघा: घर, देऊळ, दवाखाना, मित्राचं घर, कुठे कुठे तर ऑफिसची सर्व्हर रूमही. प्रत्येक दारात वाकून आठ-आठ हुकांतून लेस सोडायची हौस आठवडाभरात फिटते. मग माणूस लेस सैल ठेवून पाय सरकवायला लागतो, आणि सैल बुटाचा आधार शून्य.

आता सोल. आपला डोंगर बेसॉल्टचा. उन्हाळ्यात त्यावर मुरमाड घसारा असतो आणि पावसाळ्यात बुळबुळीत कातळ, आणि या दोन्हींना सोल वेगवेगळा लागतो. खोल खाचांचा सोल मातीत आणि मुरमात रुततो, तिथे तो उत्तमच. ओल्या कातळावर मात्र खाचा फारशा कामाच्या नाहीत, तिथे रबर मऊ असावं लागतं आणि दगडाला जास्तीत जास्त टेकावं लागतं. पूर्वी आल्प्समध्ये चामड्याच्या सोलला खिळे ठोकून चढायचे. १९३५ मध्ये तिथे सहा गिर्यारोहक दगावले, ते व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे मित्र होते. त्यानंतर त्याने खाचांचा रबरी सोल तयार केला, १९३७ च्या सुमारास. आज महाग बुटांवर दिसणारं 'व्हिब्रम' हे नाव त्याच्याच नावाच्या दोन तुकड्यांचं. आपल्या बजेटमध्ये तो क्वचितच बसतो, पण तपासायची रीत तीच: सोलमध्ये नख रोवून बघा. किंचित दबून परत वर आलं तर रबर मऊ आहे. प्लास्टिकसारखं टणक लागलं तर ओल्या दगडावर त्याचा भरवसा धरू नका.

पण मऊ रबर डांबरावर लवकर झिजतं. रोजच्या वापराची खरी किंमत इथे मोजावी लागते आणि तिच्यातून सुटका नाही. म्हणून फार मऊही नको आणि खाचा मध्यम हव्यात, चार-पाच मिलिमीटरच्या. फार खोल खाचांचा बूट ऑफिसच्या ओल्या टाइल्सवर आपल्याला स्केटिंग करायला लावतो. हिरव्या शेवाळावर तर कुठलंच रबर धरत नाही, तिथे पाय कुठे टाकायचा हे डोळ्यांनीच बघायचं. सिंहगडावर दही-ताक विकणाऱ्या मावशी आतकरवाडीची वाट साध्या चपलेत चढतात. पाय कुठे टाकायचा हे त्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीने कळतं, आपल्याला पैसे देऊन सोल घ्यावा लागतो.

स्वस्तात भागवायचं असेल तर ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग शूज आहेतच. महाराष्ट्रात ट्रेकर्सच्या पिढ्या त्यांवर किल्ले फिरल्या आहेत. दिसायला ओबडधोबड, पण दगडावर पकड चांगली. फक्त आतला तळ पातळ असल्याने सलग आठ तासांनी तळपाय बोलायला लागतात. वेगळा इनसोल टाकला की बरंच सुसह्य होतं.

वॉटरप्रूफबद्दल. अशा बुटांत आतून एक पातळ पडदा असतो, जो बाहेरचं पाणी अडवतो आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. थंड आणि कोरड्या हवेत, बर्फात तो छान चालतो. आपल्याकडे जुलैमध्ये पाणी वरून येतं. पॅंट भिजते, पाणी पिंढरीवरून ओघळून मोज्यात आणि मोज्यातून बुटात. ओढा ओलांडला तर विचारूच नका. मग तोच पडदा आत आलेलं पाणी बाहेर पडू देत नाही. साधा जाळीचा बूट चालता चालता पाणी फेकून देतो, हा मात्र दोन दिवस ओला राहतो. त्यात पावसाळ्यात सोमवारी ऑफिसलाही तेच घालायचे आहेत. विचार करा.

भोसरी-चाकणकडे नोकरी करणारे काही जण कंपनीचे सेफ्टी शूज ट्रेकला घालतात. पुढे लोखंडी टोपी असलेला हा बूट वरून पडणाऱ्या वस्तूपासून बोटं वाचवायला केलेला असतो. उतारावर हीच बोटं त्या लोखंडावर आपटत राहतात. नको. लष्करी पद्धतीचे डीएमएस बूट मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यांचा रबरी सोल थेट कातड्यावर साच्यात बसवलेला असल्याने सहसा निघत नाही. टिकाऊपणाला तोड नाही, पण जड आहेत आणि रबर टणक. ते सपाटीवर मैलोन् मैल चालायला उत्तम, कातळावर नकोत.

फिटिंगला दुकानात निदान अर्धा तास द्या. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय सुजून थोडा मोठा झालेला असतो. ट्रेकचे मोजे बरोबर न्या, सुती नकोत: सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओली कातडी घासली की फोड आलाच. दोन्ही पायांत बूट घाला, बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, नंबर त्या पायाचा घ्यायचा. लेस बांधण्याआधी पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट जायला हवं. लेस बांधल्यावर उतार शोधा. दुकानात फळी नसेल तर जिना असतो, तो उतरा. अंगठा पुढे टेकला तर अर्धा नंबर वर जा. राजगडावरून चोर दरवाज्याने गुंजवण्याकडे उतरताना तोच अंगठा दोन-तीन तास आपटणार आहे आणि महिनाभर नख काळं राहणार आहे. नखं आदल्या दिवशी कापायची, हेही विसरू नका.

लक्ष्मी रोडवर काय किंवा मॉलमध्ये काय, विक्रेता एक वाक्य हमखास ऐकवतो: 'वापरून सैल होईल साहेब.' कातडं रुंदीत थोडं सैल होतं, हे खरं. लांबीत काहीही वाढत नाही. आणि हल्लीचे बहुतेक बूट कापड आणि सिंथेटिकचे असतात, ते रुंदीतही फारसे हलत नाहीत. आज टोचतोय तो उद्याही टोचेल.

लेस चढताना आणि उतरताना वेगळी बांधा. चढताना गळ्यापाशी थोडी सैल. उतरायच्या आधी, म्हणजे वर पिठलं-भाकरी खाऊन झाली की बसल्या बसल्या, शेवटच्या दोन भोकांतून त्याच बाजूला छोटा फास करून लेस समोरच्या फासातून ओवून ओढा. टाच मागे घट्ट बसते आणि पाय पुढे सरकत नाही. फुकट उपाय आहे, पण फोड आणि नखं दोन्ही वाचतात.

रोजच्या वापरात तुमच्या बुटाचा पहिला बळी डावा अंगठा असणार. गिअर वर टाकताना लिव्हर रोज त्याच जागी घासते आणि काही महिन्यांत तिथलं कापड फाटतं. त्यामुळे पुढे रबराची पट्टी वरपर्यंत आलेला बूट निवडा, आणि गिअर लिव्हरला जाड रबरी नळी चढवा. भिजलेले बूट गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो. इनसोल काढायचा, आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन-तीन तासांनी बदलायचे, पंख्याखाली ठेवायचे. पावसाळ्यात जमलं तर ऑफिसला सॅंडल घाला. एका रात्रीत न वाळलेला बूट रोज घातला तर वास आधी येतो आणि सोल नंतर सुटतो.

नवी जोडी घेतल्यावर रस्त्याकडेला बसणाऱ्या कारागिराकडून सोल चारी बाजूंनी शिवून घ्यायची पद्धत आपल्या ट्रेकर्समध्ये जुनी आहे आणि चांगली आहे. फक्त सोलची कड वर वळलेली असेल तरच टाका नीट बसतो. तो खाचांच्या वर, कडेच्या खोबणीत घ्यायला सांगा, नाहीतर दगडावर घासून महिन्याभरात दोरा तुटतो.

राहिले भावाचे बूट. त्यांच्यापासून सावध राहा, आणि जितके भारी तितके जास्त. चांगल्या बुटांत सोल आणि वरचा भाग यांच्यामध्ये पुष्कळदा पॉलियुरेथेनचा थर असतो. चालायला तो सुखाचा, पण हवेतला ओलावा त्याला हळूहळू आतून तोडत राहतो. वापरा किंवा ठेवून द्या, हे चालूच असतं, आणि पेटीत बंद ठेवलेल्या बुटात उलट लवकर होतं. पुण्याच्या चार-पाच पावसाळ्यांनंतर बूट बाहेरून कोरा करकरीत दिसतो आणि आतून बिस्किटासारखा झालेला असतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाचे असेच ठेवणीतले बूट राजगडाच्या उतारावर गेले: आधी टाच फडफडायला लागली, मग अख्खा सोल जिभेसारखा लोंबला. कुणाच्या तरी सॅकमधली सुतळी बांधून तो पायथ्यापर्यंत आला, दुसऱ्या बुटानेही तोवर दम सोडला होता.

म्हणून आधी सोलच्या बाजूचा थर अंगठ्याने जोरात दाबा. चिकट लागला, भेग दिसली किंवा भुगा पडला तर विषय संपला. ठीक वाटला तरी थेट किल्ल्यावर नेऊ नका, आठवडाभर वेताळ टेकडीवर घालून फिरा. थर कुजलेला निघाला आणि वरचं कातडं चांगलं असेल तर सोल बदलून देणारे कारागीर असतात. त्यांना मधला थरही बदलायला सांगा. जुन्या थरावर नुसता नवा सोल डकवून दिला तर तोही तसाच निघेल. खर्च नव्या बुटाच्या निम्म्यावर जाणार असेल तर मी नवेच घेईन.